जर्मनीत शिकताना इंटर्नशिप : आधी कंपनी शोधावी की आधी अभ्यासक्रमाची नियमावली वाचावी?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी जर्मनीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करते आहे आणि नुकतीच सहा महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण केली आहे. ही माझी दुसरी संधी होती. पहिली हातातोंडाशी येऊन गेली, आणि ती का गेली हे नव्याने येणाऱ्यांना वेळेवर कळावे म्हणून हा धागा काढते आहे.

पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी मला एका कंपनीच्या चाचणी विभागात सहा महिन्यांची जागा मिळाली होती. दोन मुलाखती झाल्या, गाइड कोण असेल तेही ठरले आणि मग मनुष्यबळ विभागातून एका ओळीचा ईमेल आला : ही इंटर्नशिप तुमच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे का, असल्यास विद्यापीठाचे प्रमाणपत्र पाठवावे. मी सरळ मनाने कळवले की अनिवार्य नाही, मी स्वतःच्या इच्छेने करते आहे. उत्साहाने केलेली गोष्ट त्यांना अधिक आवडेल असा माझा समज होता. चौथ्या दिवशी नकार आला.

कारण समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे आणि तो काही अपवाद सोडून इंटर्नलाही लागू होतो. अभ्यासक्रमाच्या नियमावलीने अनिवार्य केलेली इंटर्नशिप, जिला तिथे फ्लिश्टप्राक्टिकुम म्हणतात, या कायद्याच्या बाहेर आहे, मग ती कितीही महिन्यांची असो. शिक्षण चालू असताना स्वेच्छेने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंतच बाहेर राहते, आणि तीसुद्धा त्याच कंपनीत आधी अशी इंटर्नशिप केलेली नसेल तरच. तीन महिन्यांहून एक दिवसही जास्त ठरला, तर चौथ्या महिन्यापासून नव्हे, अगदी पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते. हे वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होते आणि १ जानेवारी २०२६ पासून १३.९० युरो झाले. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचा आकडा दोन हजार युरोंच्या वर जातो, आणि ज्या विभागाने इंटर्नसाठी त्याच्या निम्मीच तरतूद केली असेल तो विभाग उमेदवार कितीही आवडला तरी हात आखडता घेतो.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. नकार आल्यावर मी माझ्या अभ्यासक्रमाची नियमावली प्रथमच शेवटपर्यंत वाचली, तेव्हा तिच्यात औद्योगिक प्रशिक्षणाचे एक ऐच्छिक मॉड्यूल सापडले. ते सेमिस्टर सुरू होण्यापूर्वी निवडून परीक्षा कार्यालयात नोंदवले असते, तर माझ्या विद्यापीठात तेच प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून धरले गेले असते आणि मला प्रमाणपत्र मिळाले असते. पुढच्या सेमिस्टरला मी तेच केले. म्हणून माझे सांगणे असे की कंपन्यांच्या याद्या करण्याआधी एक संध्याकाळ नियमावलीसाठी राखून ठेवावी, आणि आपल्याला अनिवार्यतेचे प्रमाणपत्र मिळू शकते का, कोणत्या अटीवर आणि किती आठवड्यांचे, हे संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः कामाच्या दिवसांची मर्यादा कशी मोजतात आणि शेवटी मिळणारे प्रशस्तिपत्र कसे वाचायचे, या दोन गोष्टींवर कोणी लिहिले तर अनेकांना उपयोग होईल.

पायवाट

लेख अत्यंत उपयोगी आहे. मी नेमक्या याच वळणावर उभा आहे, म्हणून माझी अडचण मांडतो. माझ्या मास्टर्समध्ये अनिवार्य इंटर्नशिप नाही आणि तुम्ही म्हणता तसे मॉड्यूलही नाही. एक कंपनी स्वेच्छेच्या इंटर्नशिपसाठी पूर्ण किमान वेतन द्यायला तयार आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्न उरलेला नाही. मात्र जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत मी वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून आठवड्याला वीस तास काम केले आहे. माझ्या निवास परवान्यावर १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस असे लिहिले आहे. मग एप्रिलपासून सहा महिने पूर्णवेळ काम मला करता येईल का?

निळीशाई

पायवाट, प्रथम मूळ नियम सांगते. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना पूर्वी वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस मिळत असत. १ मार्च २०२४ पासून ते १४० आणि २८० झाले. चार तासांपर्यंतचे काम अर्धा दिवस, त्याहून जास्त झाले की पूर्ण दिवस. त्याच बदलात आठवड्याने मोजण्याची पर्यायी पद्धत आली, तिच्यात सेमिस्टर चालू असताना वीस तासांपर्यंतचा आठवडा अडीच दिवसांचा धरला जातो. दोहोंपैकी विद्यार्थ्याला जी फायद्याची असेल तीच पद्धत लावायची आहे.

आता तुमचा हिशेब. तीन महिन्यांत कामाचे बारा आठवडे धरले तर अडीच दिवसांप्रमाणे ३० दिवस संपले. उरले ११०. पूर्णवेळ कामाचा आठवडा पाच दिवसांचा धरला तर ११० दिवसांचे बावीस आठवडे होतात, म्हणजे साधारण पाच महिने. सहा महिन्यांना सव्वीस आठवडे, अर्थात १३० दिवस लागतात. कसलाही धोका पत्करायचा नसेल तर करार पाच महिन्यांचाच करावा. सेमिस्टरच्या सुट्टीतले आठवडे वेगळ्या तऱ्हेने मोजले जाऊन आणखी काही दिवस सुटतात का, हे तुमच्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

आणखी एक वाट आहे. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची असल्यामुळे ऑक्टोबर ते मार्च अशी इंटर्नशिप घेतली तर १३० दिवस दोन वर्षांत निम्मे निम्मे विभागले जातात. कंपनीला तारखा पुढे ढकलणे मान्य असेल तर हा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो. अनिवार्य इंटर्नशिपचे दिवस या मर्यादेत मोजलेच जात नाहीत, तसेच विद्यापीठातले हिवीचे, म्हणजे विद्यार्थी सहायकाचे कामही मोजले जात नाही. स्वेच्छेची इंटर्नशिप बिनपगारी असली तरी तिचे दिवस मात्र मोजले जातात, आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो.

कोराकागद

वरच्या हिशेबाला विम्याची जोड द्यावीशी वाटते, कारण माझ्या पहिल्या पगारपत्रकाने मला गोंधळात टाकले होते. शिक्षणाच्या मध्यावर केलेली अनिवार्य इंटर्नशिप सामाजिक विम्याच्या सर्व वर्गण्यांतून मुक्त असते. विद्यार्थी म्हणून चालू असलेला आरोग्य विमा तसाच पुढे चालतो. स्वेच्छेच्या इंटर्नशिपमध्ये निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाते, आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम गेले तर आरोग्य विम्याची सवलतही धोक्यात येते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपल्या विमा कंपनीला एक फोन अवश्य करावा.

कापलेल्या आयकराची काळजी त्या मानाने कमी असते. २०२५ मध्ये १२,०९६ युरोंपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर तिथे आयकर नव्हता आणि २०२६ साठी ही मर्यादा १२,३४८ युरो आहे. सहा महिन्यांत कापलेला कर पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून बराचसा परत मिळतो. विवरणपत्र ऐच्छिक असेल तर त्यासाठी चार वर्षांची मुदत असते.

दीपस्तंभ

धागाकर्तीच्या माहितीबद्दल आदर आहे, पण तिच्या मूळ धारणेशी मी सहमत नाही. आपण सगळे इंटर्नशिपच्या मागे का धावतो आहोत? मी तीन महिन्यांची स्वेच्छेची इंटर्नशिप केली. पहिले दोन आठवडे संगणकाची खाती, प्रवेशपत्र आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण यांत गेले, तिसऱ्या आठवड्यात गाइड सुट्टीवर गेले, आणि काम खऱ्या अर्थाने कळू लागले तेव्हा निरोपाचा केक कापायची वेळ आली होती. त्याच विभागात मी पुढे चौदा महिने वेर्कश्टुडेंट म्हणून आठवड्याला सोळा तास काम केले. जे काही शिकलो ते त्या चौदा महिन्यांत, कारण माझ्या हातून झालेल्या चुका परिणामांसकट मला बघायला मिळाल्या. मी लिहिलेली एक छोटी आज्ञावली सहा महिन्यांनी बिघडली आणि ती मलाच दुरुस्त करावी लागली. इंटर्न अशा वेळी केव्हाच निघून गेलेला असतो.

वेर्कश्टुडेंटला किमान वेतन पहिल्या दिवसापासून लागू असते, वीस तासांच्या आत राहिले तर आरोग्य विम्याची सवलत टिकते आणि शिक्षणातही खंड पडत नाही. पुढे त्याच विभागात प्रबंध करता येतो. प्रबंधाबाबत मात्र एक सावधगिरी घ्यावी. कंपनीला मजकूर गोपनीय ठेवायचा असतो आणि काही प्राध्यापक गोपनीयतेची अट असलेला प्रबंध स्वीकारतच नाहीत. विषय ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकत्र बसवावे.

निळीशाई

दीपस्तंभ, तीन महिने अपुरे पडतात हे मला पूर्ण मान्य आहे आणि तुमचा मार्ग अनेकांसाठी उत्तम आहे. तरीही तो सर्वांसाठी खुला असतो असे मला वाटत नाही. माझे विद्यापीठ लहान गावात आहे, आणि ज्या चाचणी केंद्रात मला काम शिकायचे होते ते रेल्वेने तीन तासांवर आहे. आठवड्यातून दोन दिवस तिथे जाणे अशक्य होते. सहा महिने तिथेच राहणे शक्य होते. शिवाय चाचणीचे एक पूर्ण चक्र, म्हणजे नमुना बसवण्यापासून अहवालावर सही होईपर्यंतचा काळ, आमच्याकडे नऊ आठवड्यांचा होता. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्याला त्यातले तुकडे दिसले असते. मला सलग दोन चक्रे पाहायला मिळाली, आणि दुसऱ्या चक्रातला अहवाल मी स्वतः लिहिला.

त्यामुळे काम कोणत्या लयीने चालते ते पाहून इंटर्नशिप की अर्धवेळ नोकरी हे ठरवावे, असे मी म्हणेन.

सांजवेळ

प्रशस्तिपत्राबद्दल मी लिहिते, कारण ते मला आयत्या वेळी शिकावे लागले. इंटर्नशिप संपताना मिळणाऱ्या या पत्राला त्सॉयग्निस म्हणतात आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ते जोडावे लागते. पत्राची भाषा सौम्य आणि गौरवपर असावी असा तिथला संकेत आहे, त्यामुळे उणे शब्द कुठेच येत नाही आणि खरी श्रेणी शब्दांच्या छटांमध्ये दडलेली असते.

माझ्या पत्रात लिहिले होते की दिलेली कामे मी 'त्सु उन्झरर फॉलन त्सुफ्रीडनहाइट' पार पाडली, म्हणजे आमच्या पूर्ण समाधानाने. मी आनंदाने ते पत्र एका ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवला, पेन्सिलीने त्या ओळीच्या आधी एक छोटी खूण केली आणि विचारले, 'इथे श्टेट्स का नाही?' श्टेट्स म्हणजे सदैव. तो एक शब्द असता तर श्रेणी दुसरी, म्हणजे चांगली झाली असती. तो नसल्यामुळे ती तिसरी, म्हणजे समाधानकारक. श्टेट्ससोबत फॉलनच्या (पूर्ण) जागी फॉलस्टेन (पूर्णतम) आले की ती सर्वोच्च. आणि नुसते 'आमच्या समाधानाने' असेल तर चौथी, जेमतेम. 'त्याने प्रयत्न केले' असे वाक्य आले, तर वाचणारा त्याचा अर्थ काम जमले नाही असाच घेतो.

हे वाद तिथे न्यायालयापर्यंत जातात. केंद्रीय कामगार न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात स्पष्ट केले की तिसरी श्रेणी ही मधली मानली जाईल आणि त्याहून चांगली हवी असेल तर आपले काम तेवढे चांगले होते हे कर्मचाऱ्याने सिद्ध करावे. मी न्यायालयात गेले नाही. मी गाइडची वेळ मागितली, माझी तीन कामे तारखांसह कागदावर मांडली आणि शांतपणे विचारले की कुठे कमी पडले. त्यांनी पत्र पुन्हा वाचले आणि मान्य केले की मनुष्यबळ विभागाने जुना साचा वापरला होता. आठवड्याने नवे पत्र आले, त्यात श्टेट्स होते.

म्हणून कोणीही शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. निघण्याच्या महिनाभर आधी मसुदा मागावा आणि तो जर्मन वाचकाकडून वाचून घ्यावा.

पायवाट

सांजवेळ, हे वाचून मी माझे वेर्कश्टुडेंटचे पत्र उघडून पाहिले. माझ्यातही श्टेट्स नाही. उद्याच विचारतो.

निळीशाई, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी कंपनीला विचारले. त्यांनी तारखा बदलल्या नाहीत, पण पाच महिन्यांचा करार मान्य केला. कराराचा मसुदा आला आहे. त्यात काय तपासावे?

कोराकागद

इंटर्नशिपच्या मुख्य अटी काम सुरू होण्यापूर्वी लेखी द्याव्या लागतात, असा तिथे कायदा आहे. त्यात शिकण्याची उद्दिष्टे, सुरुवात आणि कालावधी, रोजचे कामाचे तास, मोबदला आणि रजा हे सर्व आले पाहिजे. यांपैकी उद्दिष्टांच्या कलमाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. तिथे फक्त 'दैनंदिन कामात साहाय्य' असे लिहिले असेल तर काय शिकायचे ते ठरलेले नाही असे समजावे, आणि दोन ठोस कामांची नावे त्यात घालायला सांगावीत. रजेबाबत, स्वेच्छेच्या इंटर्नला पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २० दिवस या हिशेबाने पगारी रजा मिळते. अनिवार्य इंटर्नला कायद्याने ती मिळत नाही, कंपनीने दिली तर दिली. या एका बाबतीत तुमची बाजू वरचढ आहे.

वळचण

मी अजून अर्जच करते आहे, त्यामुळे मनातली भीती मांडते. माझे जर्मन बी१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आहे. इंटर्नशिपच्या जाहिरातीत इंग्रजी चालेल असे लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात काय होते? आणि कामाच्या तासांविषयीही वेगवेगळे ऐकायला मिळते.

निळीशाई

वळचण, बैठका इंग्रजीत झाल्या, पण यंत्राशेजारी उभे राहून होणारे बोलणे जर्मनमध्येच होत असे, आणि शिकण्यासारखे सगळे तिथेच होते. तंत्रज्ञ नमुना बसवताना पुटपुटत, 'हा स्क्रू ठरलेल्या बलापेक्षा थोडा कमीच आवळायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तडा जातो.' अशी वाक्ये कोणत्याही कार्यपुस्तिकेत नसतात. मी खिशात छोटी वही ठेवत असे, न कळलेला शब्द कानाला लागेल तसा देवनागरीत लिहून घेत असे आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच तंत्रज्ञांना विचारत असे. दुसऱ्या महिन्यापासून ते स्वतःच थांबून शब्द स्पष्ट करून सांगू लागले. बी१ सुरुवातीला पुरेसे आहे. विचारण्याची लाज मात्र पहिल्याच आठवड्यात सोडावी लागते.

तासांचे म्हणाल तर एक प्रसंग सांगते. अहवाल पूर्ण करायचा म्हणून मी एके दिवशी उशिरापर्यंत बसले होते. माझी हजेरी नऊ तास चाळीस मिनिटांवर आली तेव्हा गाइड माझ्या टेबलाशी आले, त्यांनी स्क्रीनकडे पाहिले आणि कोट हातात देत म्हणाले की वीस मिनिटांच्या आत दारावरच्या यंत्रावर नोंद झाली पाहिजे. तिथल्या कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा असतो, तो दहापर्यंत वाढवता येतो, त्यापुढे नाही. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान तीस मिनिटांची विश्रांतीही घ्यावीच लागते. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण झाला आणि कोणाचेही काही अडले नाही.

अर्जाबाबत एकच सांगते. मोठ्या कंपन्यांत तीन ते सहा महिने आधी अर्ज करावा आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात इंटर्नशिपचा प्रकार, नेमक्या तारखा आणि कालावधी लिहावा. माझ्या दुसऱ्या अर्जाची पहिली ओळ अशी होती : 'माझ्या अभ्यासक्रमातील अनिवार्य प्रशिक्षणासाठी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात मी उपलब्ध आहे, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.' नऊ दिवसांत मुलाखतीचे बोलावणे आले.

वळचण

मनापासून आभार. आज दुपारी माझ्या अभ्यासक्रमाची नियमावली उघडली. एकोणिसाव्या पानावर बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे ऐच्छिक मॉड्यूल आहे आणि नोंदणीची मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत. परीक्षा कार्यालय गुरुवारी सकाळी उघडे असते, तेव्हा जाऊन येते आणि काय उत्तर मिळाले ते इथे लिहिते.